‘मुलींचं माजी ग्रामर स्कूल’ म्हणजे नेमकं काय? कॅमडेनच्या दोन शाळा, दोन वाटा

इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला. तेव्हापासून स्लाउ, बर्मिंगहॅम, रेडिंगकडच्या मराठी पालकांच्या बोलण्यात ‘ग्रामर स्कूल’ हा शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला आहे. फी नाही, पण प्रवेशपरीक्षा आहे, अशी ही सरकारी शाळा. मग माहिती काढताना एखाद्या शाळेपुढे ‘मुलींचं माजी ग्रामर स्कूल’ असं लिहिलेलं दिसतं आणि गोंधळ होतो. ही शाळा बंद पडली का? तिचा दर्जा घसरला का? इमारत तीच, नाव तेच, मुलीही शिकताहेत, मग ‘माजी’ काय झालं?

याचं उत्तर एकाच शाळेच्या इतिहासातून चांगलं उलगडतं. उत्तर लंडनमधली ‘कॅमडेन स्कूल फॉर गर्ल्स’ १८७१ साली सुरू झाली आणि आजही चालू आहे. दीडशेहून अधिक वर्षांच्या या आयुष्यात ती रूढ अर्थानं ‘ग्रामर’ होती जेमतेम तीस वर्षं. तिची थोरली बहीण म्हणावी अशी शाळा त्याच बाईंनी, त्याच गल्लीत काढली होती. ती आज देशातल्या महागड्या खासगी शाळांत मोडते. दोघींच्या वाटा कशा फुटल्या हे कळलं की ‘माजी ग्रामर’ हा शब्द आपोआप कळतो.

व्याकरणाशी काय संबंध?

ग्रामर म्हणजे व्याकरण, पण कुठलं? लॅटिनचं. आपल्याकडे संस्कृत पाठशाळेत कौमुदी घोकून घ्यायचे, तशी ही मुळात मुलग्यांना लॅटिन व्याकरण शिकवणारी शाळा होती. कुणा व्यापाऱ्यानं किंवा पाद्र्यानं मरताना जमीन-घरं लावून दिलेली असत आणि त्या उत्पन्नावर शाळा चाले. मुली या चित्रात जवळजवळ नव्हत्याच. इंग्लंडच्या माध्यमिक शिक्षणाची पाहणी करायला १८६४ साली सरकारनं नेमलेल्या आयोगाला अख्ख्या देशात मुलींच्या अशा देणगीवर चालणाऱ्या माध्यमिक शाळा सापडल्या अवघ्या १३. मुलग्यांच्या शेकड्यांनी होत्या.

म्हणूनच मुलींच्या जुन्या शाळांच्या पाट्यांवर पूर्वी ‘ग्रामर’ क्वचितच दिसे. ‘हायस्कूल’, ‘कॉलेजिएट’, ‘काउंटी स्कूल’ अशी नावं असत. ‘१८७१ साली स्थापन झालेलं मुलींचं ग्रामर स्कूल’ असं वाक्य वाचलं तर स्थापनेचं वर्ष आणि ग्रामर हा दर्जा वेगवेगळे धरावेत. बहुतेक मुलींच्या शाळांना तो शब्द १९४४ नंतरच चिकटला.

३५ मुली आणि एक राहतं घर

फ्रान्सिस मेरी बस यांचा जन्म १८२७ चा. वडील चित्रकार, कमाई बेभरवशाची. फ्रान्सिस चौदाव्या वर्षापासून शिकवत होत्या आणि आईनं काढलेल्या शाळेला हातभार लावत होत्या. १८४८ साली लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर शिक्षिकांना शिकवण्यासाठी ‘क्वीन्स कॉलेज’ निघालं. (पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्यानं मुलींची शाळा काढली तीही १८४८ मध्येच.) दिवसभर शिकवून फ्रान्सिस संध्याकाळी तिथल्या व्याख्यानांना जात.

४ एप्रिल १८५० रोजी त्यांनी ४६, कॅमडेन स्ट्रीट या घरात ‘नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल’ सुरू केलं. पहिल्या दिवशी ३५ मुली होत्या, वर्ष सरता सरता ११५ झाल्या. फी घेतली जाई, पण ती डॉक्टर, कारकून, दुकानदार यांना झेपेल इतकीच. कुठल्याही धर्मपंथाची मुलगी चाले. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

क्वीन्स कॉलेजात शिकलेल्या दुसऱ्या एक बाई म्हणजे डोरोथिया बील. त्या पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि पंडिता रमाबाई १८८४ ते १८८६ या काळात त्यांच्याच हाताखाली शिकल्या, संस्कृत शिकवतही होत्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या रमाबाईंनी इंग्लंडमध्ये मुलींचं शिक्षण पाहिलं ते याच पिढीच्या बाईंकडे.

मुली परीक्षेत नापास का झाल्या?

मुलग्यांच्या शाळांसाठी केंब्रिज विद्यापीठ एक बाह्य परीक्षा घेई. आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखीच समजा. १८६३ च्या डिसेंबरात ती प्रथमच, प्रयोग म्हणून, मुलींना देऊ दिली. मिस बस यांनी आपल्या शाळेच्या मुली बसवल्या. वरच्या गटात ४० मुली होत्या, त्यातल्या ३४ अंकगणितात नापास झाल्या.

विरोधकांना हवं ते मिळालं असं वाटेल. पण इतर विषयांत मुली बऱ्यापैकी उतरल्या होत्या. अडलं होतं ते गणितातच, आणि त्याचं कारणही साधं होतं: मुलींना ते शिकवलंच जात नव्हतं. भरतकाम, थोडं फ्रेंच, पियानो, तोंडपाठ प्रश्नोत्तरं असा अभ्यास असताना व्यवहारी अपूर्णांक येणार कुठून? मुख्याध्यापिकांनी निकालाचा राग धरला नाही, गणिताचे तास वाढवले. १८६५ पासून परीक्षा मुलींना रीतसर खुली झाली. मुलींना कमीपणा वाटू नये म्हणून वेगळी सोपी परीक्षा काढा असं म्हणणारे तेव्हाही होते. मिस बस यांनी ते साफ नाकारलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला हा सर्वांत दूरगामी निर्णय होता. सोपी परीक्षा पत्करली असती तर विद्यापीठांची दारं आणखी कित्येक वर्षं बंद राहिली असती.

मग दुसरी शाळा कशाला?

कारण पहिलीची फीही खूप जणांना जड जात होती. १८७०–७१ मध्ये मिस बस यांनी एक असामान्य गोष्ट केली. स्वतःच्या मालकीची, चांगली चालणारी शाळा त्यांनी विश्वस्तांच्या हवाली केली, म्हणजे तिच्या नफ्यावरचा आपला हक्क सोडला. थोरली शाळा कॅमडेन रोडवर हलली आणि कॅमडेन स्ट्रीटच्या जुन्या जागेत कमी फीची दुसरी शाळा उघडली. तीच ही कॅमडेन स्कूल.

दोघींमध्ये शिडी होती. धाकट्या शाळेतली हुशार मुलगी शिष्यवृत्ती घेऊन थोरलीत जाऊ शके. सेरा बर्स्टॉल या याच शिडीनं वर चढल्या: कॅमडेन स्कूल, मग नॉर्थ लंडन कॉलेजिएट, मग केंब्रिजचं गर्टन कॉलेज. १८९८ मध्ये त्या मँचेस्टरच्या मुलींच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या.

नुसत्या फीवर शाळा चालते, पण इमारत उभी राहत नाही. इथे १८६९ चा एक कायदा कामी आला. जुन्या शैक्षणिक देणग्यांची नव्यानं वाटणी करताना शक्य तिथे मुलींनाही वाटा द्यावा असं त्यात कलम होतं. घरातल्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचं नाव लागावं, तसंच हे. या मार्गानं ब्रुअर्स कंपनी (बिअर गाळणाऱ्यांचा लंडनमधला जुना व्यापारी संघ) सांभाळत असलेल्या एका धर्मादाय निधीतला पैसा या दोन शाळांकडे वळला. कापडवाल्यांच्या संघानंही मदत केली. हे सुखासुखी झालं नाही. मुलग्यांच्या शाळांच्या कारभाऱ्यांना वाटे की आपल्या ताटातलं काढून घेतलं जातंय. जिथे स्थानिक विरोध जास्त होता तिथे मुलींच्या हाती फार थोडं लागलं.

‘इतक्या अभ्यासानं मुली आजारी पडतील’

हा आक्षेप पुढे करणारे चांगले नामांकित डॉक्टर होते. १८७४ मध्ये हेन्री मॉडस्ली यांनी लिहिलं की वयात येताना मुलींच्या शरीराला लागणारी शक्ती अभ्यासात खर्च होते. त्याच वर्षी डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी जाहीर उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा की मुलींना अपाय होतो तो रिकामेपणाचा आणि कंटाळ्याचा. शाळांनी उत्तर कामातून दिलं: व्यायामाचे तास आणि डॉक्टरी तपासणी. मुलींच्या या शाळांमध्ये व्यायामशाळेला जे महत्त्व दिसतं त्याचं मूळ या वादात आहे.

१९४४: फी गेली, परीक्षा आली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकार माध्यमिक शाळांना अनुदान देऊ लागलं. १९०७ पासून अट आली: अनुदान हवं तर साधारण चौथा हिस्सा जागा प्राथमिक शाळांतून आलेल्या मुलांना फुकट द्या. या फुकट जागांसाठी परीक्षा असे. पुढे देशभर पसरलेल्या निवडीचं हे बीज.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानं सरकारी पैशावरच्या माध्यमिक शाळांतली फी बंद केली. शाळा सर्वांना फुकट, पण सगळ्यांना एकसारखी नाही. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं वाटायची: पुस्तकी अभ्यासात पुढे असणारी ग्रामरमध्ये, बाकीची बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळांत. तिसऱ्या, तांत्रिक शाळा फारशा निघाल्याच नाहीत. ही परीक्षा म्हणजे ‘इलेव्हन-प्लस’. आपली नवोदयची परीक्षा आठवा. फरक एवढाच की नवोदयला आपण होऊन अर्ज करतो आणि नाही लागला नंबर तर आहे त्या शाळेत राहतो. इथे जवळजवळ प्रत्येक मूल परीक्षेला बसे आणि निकालावर शाळेचा प्रकारच ठरे. ग्रामरमध्ये साधारण पाचातलं एक मूल जाई. पण प्रमाण सगळीकडे सारखं नव्हतं. ज्या भागात ग्रामर शाळा जास्त, तिथे तेच गुण असलेलं मूल पास ठरे.

या कायद्याखाली कॅमडेन स्कूल ‘व्हॉलंटरी एडेड’ झाली. आपली खासगी अनुदानित शाळा म्हणा: पगार सरकार देतं, इमारत आणि व्यवस्थापन संस्थेचं, बाहेरच्या दुरुस्तीचा ठरावीक वाटा संस्थेनं उचलायचा, प्रवेशाचे नियम संस्थेनं ठरवायचे. थोरल्या नॉर्थ लंडन कॉलेजिएटनं ‘डायरेक्ट ग्रँट’ हा दर्जा घेतला. त्यात पैसा स्थानिक परिषदेकडून (आपल्या महापालिका किंवा जिल्हा परिषदेसारखी संस्था) नाही, थेट मंत्रालयाकडून येई. त्या बदल्यात किमान २५ टक्के जागा सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना फुकट द्यायच्या, उरलेल्यांकडून फी घ्यायची.

हा कागदोपत्री फरक रोजच्या शाळेत जाणवत नसे. दोन्हीकडे निवडून आलेल्या मुली, लॅटिन, प्रयोगशाळा, विद्यापीठाची तयारी. तीस वर्षांनी मात्र त्यानंच सगळं ठरवलं.

मुलींना जास्त गुण का लागायचे?

अकराव्या वर्षी मुली, विशेषतः भाषेच्या प्रश्नांत, सरासरीनं मुलग्यांच्या पुढे असतात. पण ग्रामर शाळा बहुतांशी मुलामुलींच्या वेगवेगळ्या होत्या आणि जागा ठरलेल्या. कल्पनेतलं एक गाव घ्या. ६० जागा आहेत, ३० मुलग्यांच्या शाळेत, ३० मुलींच्या. गुणवत्ता यादी एकच लावली तर पहिल्या साठांत समजा ३६ मुली आणि २४ मुलगे येतात. पण यादी दोन लागतात. म्हणून ३१ ते ३६ क्रमांकाच्या सहा मुली बाहेर राहतात आणि त्यांच्यापेक्षा कमी गुणांचे सहा मुलगे आत जातात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यानं काहीच लबाडी केलेली नाही. अन्याय जागांच्या वाटपातच आहे. घरी मात्र मुलगी ‘नापास’ एवढंच कळे. कटऑफ मुलीचा वेगळा होता हे कुणी सांगत नसे.

जिथे मुलींच्या जागाच कमी, तिथे दरी आणखी वाढे. बर्मिंगहॅममध्ये मुलग्यांसाठी ५४० आणि मुलींसाठी ३६० ग्रामर जागा होत्या. हे प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) गेलं आणि १९८९ मध्ये निकाल लागला की हा १९७५ च्या कायद्याखाली लिंगभेद आहे. परिषदेचा हेतू वाईट नव्हता हा बचाव चालला नाही.

परीक्षेच्या अचूकतेचाही प्रश्न होताच. १९५७ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं की चांगल्या पद्धतीनं निवड करूनही सुमारे १२ टक्के मुलं चुकीच्या शाळेत पडतात. कट-ऑफच्या रेषेच्या आसपास एक-दोन गुण म्हणजे निव्वळ त्या दिवसाचा योग.

१९७६: एकीला सर्वांसाठी उघडावं लागलं, दुसरीला फी घ्यावी लागली

१९६५ मध्ये सरकारनं परिपत्रक काढलं: स्थानिक परिषदांनी निवड बंद करण्याच्या योजना पाठवाव्यात. परिसरातल्या सगळ्या मुलांना परीक्षेशिवाय घेणाऱ्या शाळेला ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणतात. परिषदेच्या स्वतःच्या शाळा बदलणं सोपं होतं. व्हॉलंटरी एडेड शाळेत मात्र संस्थेची संमती लागे. ती नाही म्हणाली तर? पगार तर परिषदेकडूनच येणार. त्यामुळे तीन वाटा उरत: बदल स्वीकारा, स्वतःच्या पैशावर खासगी व्हा, किंवा बंद करा. दक्षिण लंडनमधली मेरी डॅचलर ही मुलींची ग्रामर शाळा याच पेचात १९८१ मध्ये बंद झाली.

कॅमडेन स्कूलनं बदल स्वीकारला आणि १९७६ पासून ती कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली. असा बदल एका रात्रीत होत नाही. पहिल्या वर्षी फक्त सर्वांत खालचा वर्ग निवडीशिवाय येतो, वरचे वर्ग आधी निवडलेलेच राहतात. एकेक इयत्ता वर सरकत पूर्ण शाळा बदलायला सहावीसदृश पहिल्या वर्गापासून शेवटच्या वर्गापर्यंत सात वर्षं लागतात. म्हणून सत्तरच्या दशकात शिकलेल्या अभिनेत्री एमा थॉम्पसन यांच्यासारख्यांच्या चरित्रात एकाच शाळेचे दोन दर्जे लिहिलेले आढळतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

डायरेक्ट ग्रँट योजना १९७५ मध्ये रद्द ठरली. पावणेदोनशेच्या आसपास शाळांना निवड करायची होती. बहुतांश कॅथलिक शाळा सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि एकूण शाळांपैकी साधारण दोन तृतीयांश खासगी झाल्या. नॉर्थ लंडन कॉलेजिएट त्यांतली एक. ती एव्हाना शहराबाहेर, एजवेअरच्या कॅनन्स इथे गेली होती, आणि तिच्या जुन्या सँडल रोडच्या जागेत धाकटी कॅमडेन स्कूल आली होती. कारकुनाच्या मुलीला परवडावी म्हणून काढलेली शाळा पूर्ण फीची झाली आणि तिच्या रिकाम्या जागेत फुकट शाळा भरू लागली. मिस बस यांना यातलं कोणतं रूप पटलं असतं, याचा विचार करताना मी थोरल्या शाळेच्या बाजूनं युक्तिवाद शोधू पाहतो आणि तो सापडत नाही.

‘चांगली शाळा राजकारणानं मोडली’ हे खरं का?

ग्रामरच्या बाजूनं खरा मुद्दा असा: गरीब घरातल्या हुशार मुलीला विद्यापीठापर्यंत नेणारी फुकट वाट होती, ती गेली. ज्यांना ती मिळाली त्यांच्यासाठी हे शंभर टक्के खरं आहे. पण पाचातल्या उरलेल्या चार जणांचं काय, हा प्रश्न त्या आठवणींत येत नाही. शिवाय १९५४ च्या सरकारी अहवालातच नोंद आहे की कामगारवर्गातून ग्रामरमध्ये आलेली मुलं लवकर शाळा सोडत. प्रवेश मिळाला तरी गणवेशाचा खर्च, घरी अभ्यासाला जागा नसणं, पंधराव्या वर्षी कमावती होण्याची गरज हे सुटत नव्हतं.

दोष एकाच पक्षाचा, असंही नाही. १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं लंडनच्या शाळा बाहेर हलल्या, तेव्हा कॅमडेनच्या मुली ग्रँथम गावातल्या मुलींच्या शाळेत आल्या. इमारत एक, शाळा दोन, म्हणून पाळ्या लावाव्या लागल्या. त्या यजमान शाळेतली एक विद्यार्थिनी होती मार्गारेट रॉबर्ट्स, म्हणजे पुढच्या मार्गारेट थॅचर. १९७० ते ७४ मध्ये त्या शिक्षणमंत्री असताना शाळांच्या बदलाचे ३,६१२ प्रस्ताव आले आणि त्यांतले ३२६ च नाकारले गेले. ग्रामर शाळेत शिकलेल्या, हुजूर पक्षाच्या मंत्र्यांच्या सहीनं हा बदल सर्वांत वेगानं झाला, कारण तो खालून, पालकांच्या नाराजीतून आणि परिषदांच्या हिशेबांतून येत होता. त्यांची स्वतःची ग्रँथमची शाळा मात्र आजही ग्रामरच आहे.

आज काय उरलंय?

साठच्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये १,३०० च्या जवळपास ग्रामर शाळा होत्या. आज इंग्लंडमध्ये १६३ आहेत, वेल्समध्ये एकही नाही, आणि १९९८ च्या कायद्यानं नवीन काढायला बंदी आहे. जिथे आहेत तिथे परीक्षा ‘इयर ६’ म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबरात होते. निकाल ऑक्टोबरात, शाळांच्या पसंतीचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, वाटप १ मार्चला. गुण वयाच्या महिन्यांनुसार जुळवून घेतलेले असतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाचं नुकसान कमी होतं. स्लाउमध्ये पात्रता गुण १११ आहे, पण तो १११ प्रश्न बरोबर असल्याचा आकडा नाही. सरासरी मूल १०० वर धरून काढलेली ती पट्टी आहे. पात्र ठरलं म्हणजे जागा मिळाली असंही नाही, अंतरासारखे निकष नंतर लागतात. इथेच पालक फसतात.

कॅमडेन स्कूलमध्येही आज मुली चाचणी देतात, पण तिचा उपयोग उलटा आहे. गुणांवरून मुलींचे गट पाडतात आणि प्रत्येक गटातून प्रवेश देतात, म्हणजे वर्गात सर्व पातळ्यांच्या मुली येतील. काही जागा संगीतासाठी राखीव असतात. वरच्या दोन वर्गांत मुलगेही असतात.

एखाद्या माजी ग्रामरचा इतिहास स्वतः तपासायचा असेल तर स्मरणिकेपेक्षा प्रवेश नोंदवही मागावी. ती बहुधा शाळेत नाही तर स्थानिक अभिलेखागारात मिळते, अलीकडची पानं खासगी माहितीमुळे बंद असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वह्यांत मुलीच्या नावापुढे जन्मतारीख, आधीची शाळा, वडिलांचा धंदा, फी की फुकट जागा, शाळा सोडल्याची तारीख आणि पुढे काय केलं हे रकाने असतात. आधी ‘फी की फुकट’ आणि ‘सोडल्याची तारीख’ हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचावेत. फुकट जागेवर आलेली सुताराची मुलगी अठराव्या वर्षी कॉलेजात गेली की पंधराव्या वर्षी दुकानात, ते तिथे शाईनं लिहिलेलं असतं.